दोनशे बारा रविवार

१९६६ च्या जून महिन्यात मी कोल्हापूर सोडलं. वय बावीस. सामानात एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि फडक्यात बांधलेली शिदोरी. शिदोरीत चौदा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, आणि झाकणाच्या डब्यात सुकं मटण. मटण पहिल्याच दिवशी संपवायचं, असं आईनं चारदा बजावलं होतं. चौदा हा आकडा मला आठवतो, कारण मी मोजल्या होत्या. मला मोजायची सवय आहे. माझे वडील शाहूपुरीच्या गूळ बाजारात तोलाईदार होते. त्यांच्याकडून मला घर मिळालं नाही, जमीन मिळाली नाही. ही सवय मात्र मिळाली.

गाडी सुटायला वीस मिनिटं होती. वडील घड्याळाखाली उभे होते. आई खिडकीपाशी आली आणि म्हणाली,

"आरं, डबा उघड. एक घास खा."

"आत्ताच जेवलोय की घरी."

"एकच. माझ्यासमोर खा."

आजूबाजूचे लोक बघत होते, मला लाज वाटत होती. तरी मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि घास घेतला. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हात खिडकीच्या गजावर, पापणी हलत नाही. "चांगलं झालंय," मी म्हणालो, तेव्हा तिनं श्वास सोडला आणि ती दोन पावलं मागं सरकली. "मग जा," असं म्हणाली.

पुणे, मनमाड, इटारसी अशी गाडी बदलत मी तिसऱ्या दिवशी जबलपूरला उतरलो. वाटेत मला आईची ती नजर पुन्हा पुन्हा आठवत होती. माझ्यावरचं प्रेम, असा मी तिचा अर्थ लावला. पुढं तेरा वर्षं तोच अर्थ कायम होता.

हे मी शिवाजी पेठेत राहिलेल्या माझ्या भावंडांसाठी लिहितोय. आणि आमच्यासारखे जे बडोदा, भोपाळ, बोकारो असे पांगले आणि दर पत्रात 'आईच्या हातची चव' म्हणून दोन ओळी लिहितात, त्यांच्यासाठीही. मीही तशा ओळी लिहिल्या आहेत. आता लिहीत नाही. का, ते सांगतो.

आमच्या आळीत माझी आई स्वयंपाकासाठी नावाजलेली होती. कुणाच्याही घरी जावळ असो, बारसं असो, रश्शाला फोडणी द्यायला तिला बोलावणं यायचं. बायका म्हणायच्या, "हिच्या हातालाच चव हाय. द्येवानं दिलेलं हाय ते, शिकून येत न्हाय." आई त्यावर हसायचीसुद्धा नाही. पंगत बसली की ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि पहिला घास घेणाऱ्यांची तोंडं एकामागून एक बघत जायची. सगळ्यांचे घास खाली उतरले की आत जायची. आम्हाला वाटायचं, किती ही माया.

घरीही तसंच. वडील जेवताना बोलत नसत. त्यांनी पहिला घास घेऊन दुसऱ्यासाठी हात पुढं केला की आई चुलीपुढं बसायची. तोवर उभी.

जबलपूरला मी एका मोठ्या कारखान्यात मापं तपासण्याच्या खात्यात लागलो. तयार झालेला भाग घ्यायचा, मोजायचा, फरक किती ते लिहायचं, चालेल की नाही ते ठरवायचं. हे काम मला आवडलं. मेसमध्ये पोळ्या, दाल आणि आलू मिळायचे. ज्वारी मिळायची, पण तिची भाकरी थापणारं कुणी नव्हतं. दर उन्हाळ्यात आई कांदा-लसणाच्या चटणीचा एक डबा पाठवायची. तो मी वर्षभर पुरवायचो, चमच्यानं मोजून.

१९७० साली माझं लग्न झालं. शालिनी गारगोटीची, शाळामास्तरांची थोरली मुलगी. मॅट्रिक झालेली. मला क्वार्टर मिळायला सात महिने लागणार होते, तोवर ती कोल्हापुरात माझ्या आईवडिलांजवळ राहिली. त्या सात महिन्यांत आईनं तिला चुलीपुढं बसू दिलं नाही. दळण, पाणी, धुणं, भांडी, सगळं तिच्याकडं होतं. पण फोडणी नाही, मीठ नाही. शालिनी माझ्या आईला आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई, मला दाखवा तरी," असं तिनं विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुझ्या हाताला ते न्हाय, पोरी. तू हो बाजूला."

हे आळीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या हिराक्का पाण्याच्या नळावर शालिनीला ऐकवायच्या, "मास्तराची लेक न्हवं का! पुस्तक बघून आमटी करंल की!" एकदा तर त्या म्हणाल्या, "दत्तूला जबलपूरला दुसरी भाकरीवाली बघावी लागतीया वाटतं." दत्तू म्हणजे मी. नळावरच्या सगळ्या हसल्या. शालिनी घागर भरून घरी आली. हे सगळं तिनं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना तिला त्या दिवशी नळावर किती जणी होत्या, हेही आठवत होतं. सहा.

शालिनी जबलपूरला आली तेव्हा तिनं गृहीतच धरलं होतं की आपल्याला स्वयंपाक येत नाही आणि येणार नाही. मी तिच्या बाजूचा होतो. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढचं सगळं त्या बाजूनंच घडलं. देवानं हाताला चव दिली वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. जे एका माणसाला जमतं ते मोजून दुसऱ्याला शिकवता येतं, असं माझं ठाम मत होतं. कारखान्यात मी रोज तेच बघत होतो.

म्हणून १९७२ च्या मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा ओळखीच्या सोनाराकडून त्याचा लहान तराजू मागून आणला आणि आईच्या चुलीशेजारी मांडला. आई मिठाची चिमूट उचलायची, ती मी आधी पारड्यात टाकायला लावायचो, मग भांड्यात. आई म्हणाली, "आता आईलाबी सोन्यागत तोलतोस व्हय रं?" वडील सोप्यातून बघत होते. ते म्हणाले, "तोलू दे. तोलल्याबिगर कळत न्हाय."

सहा माणसांच्या रश्शासाठी आई मिठाची एकच मोठी चिमूट घ्यायची, चारी बोटं आणि अंगठा मिळून. मी ती बारा वेळा तोलली. अकरा वेळा अठरा ग्रॅम. एकदा एकोणीस.

मी थक्क झालो. आमच्या खात्यातल्या तीस वर्षं मुरलेल्या कामगाराच्या हाताला एवढा नेमकेपणा नव्हता. मी आईला म्हणालो, "बघ, बारापैकी अकरा!"

आईचा चेहरा उतरला. "कुठलं चुकलं?" तिनं विचारलं.

"काही चुकलं नाही गं, एक ग्रॅम जास्त आलं, एवढंच."

"कितवं?"

मी कागद बघून सांगितलं, "नववं." ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. मी हसलो. वादात जिंकलो होतो ना. जन्मतः मिळालेला हात इतका नेमका असत नाही, हा घडवलेला हात आहे, असं मी शालिनीला त्याच दिवशी सांगितलं. ते बरोबर होतं. पण हात घडवलेला असेल तर तो कुणी घडवला, कसा घडवला, हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न. माझं पोटच तसल्या प्रश्नांवर चालत होतं, आणि तोच मला सुचला नाही.

ती मापं घेऊन आम्ही जबलपूरला परतलो. मीठ, चटणी, खोबरं, तीळ, खसखस, कांदा, पाणी, सगळं लिहून. मी एक लांब वही घेतली, तिच्यात रकाने आखले. दर रविवारी मटण. शालिनी मापानं रस्सा करायची, मी पहिला घास घ्यायचो आणि दहापैकी गुण लिहायचो. शेजारी शेरा. 'मीठ बरोबर, कट कमी.' 'कांदा कच्चा.' 'आईच्या जवळ, पण नाही.' पहिल्या रविवारी चार दिले होते. ती उभी असायची, ओट्याला पाठ लावून. मी लिहून झालं की वही तिच्याकडं फिरवायचो. तिनं बघावं, म्हणजे सुधारणा होईल.

सुधारणा झाली. पहिल्या वर्षाची सरासरी पाच, दुसऱ्या वर्षाची सहा पूर्णांक काहीतरी, चौथ्या वर्षी आठ. मी ते आलेखावर काढून तिला दाखवलं. रेघ वर जात होती. तिनं तो कागद बघितला, "हं," म्हणाली, आणि पोरीला घ्यायला आत गेली. मेधा १९७३ ची. १९७६ च्या डिसेंबरात वही भरली आणि तो उपक्रम थांबला. सुट्टीवर असतानाचे रविवार वगळून दोनशे बारा नोंदी. मधे १९७५ मध्ये वडील गेले. त्या साली आई म्हणाली होती, "आता बघायचं काय?" आणि दाराच्या चौकटीला उभं राहणं तिनं सोडलं. तेव्हाही मी काही विचारलं नाही.

१९७९ च्या जानेवारीत आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोच हात. मला रजा मिळत नव्हती, म्हणून शालिनी मेधाला घेऊन गेली. अडीच महिने तिनं आईचं सगळं केलं. अंघोळ, लुगडं, घास भरवणं. ती पत्रात लिहायची, 'प्रकृती तशीच आहे. बोलणं थोडं सुधारलं आहे. काळजी नसावी.' मार्चच्या शेवटी तार आली. मी पोचलो तेव्हा आई होती, पण बोलत नव्हती. दोन दिवसांनी गेली.

तेराव्याला सगळी आळी आली. हिराक्कांनी पदर डोळ्यांना लावून म्हटलं, "आता तसला रस्सा कुठला हो. त्या हाताबरबर गेला." मलाही रडू आलं.

जबलपूरला परतल्यावरच्या पहिल्या रविवारी शालिनीनं मटण केलं. दुपारचं ऊन खिडकीतून ताटावर आलं होतं. मी पहिला घास घेतला. चांगला झाला होता. पण आई मनात होती, म्हणून मी म्हणालो, "मी इतकी वर्षं वाद घातला, पण चुकलो. आईचा हात वेगळाच होता. ते शिकून येत नाही. मी मान्य करतो."

शालिनीनं डाव पातेल्यात ठेवला. झाकण घातलं. मग ती माझ्यासमोर बसली. मी जेवत असताना ती समोर बसल्याचं मला आठवत नाही, त्या दिवसापूर्वी.

ती म्हणाली, "त्यांच्या डाव्या दंडावर सात डाग होते. तुम्ही कधी बघितले?"

मी म्हणालो, "भाकरी भाजताना चटके बसतातच."

"चटके बोटांना बसतात. मनगटाला बसतात. दंडावर, चोळीच्या बाहीच्या आत, एका रांगेत बसत नाहीत. मी अंघोळ घालत होते म्हणून दिसले. मी विचारलं, आत्याबाई, हे काय? पाचव्या-सहाव्या दिवशी स्वतःच दाखवायला लागल्या."

मग तिनं आईचे शब्द सांगितले. शालिनी गारगोटीची. आईची बोली तिनं जशीच्या तशी उचलली, आणि मला तो आवाज आमच्या क्वार्टरात ऐकू आला.

"ह्यो आमटीचा. ह्यो भाताचा. ह्यो वाढायला उशीर झाला त्येचा. ह्ये तीन मिठाचे, एका वर्साचे. आनि ह्यो शेवटचा कशाचा, त्ये मला लई दिवस ठावं नव्हतं. त्येंचं पोट बिघडलं हुतं, म्हनून ताट सारलं हुतं. सासूला वाटलं, चव चुकली."

माझ्या आजीची रीत अशी होती. माझे वडील पहिल्या घासाला थांबले किंवा त्यांनी ताट सारलं, की ते कामावर गेल्यावर आजी उलथनं चुलीत तापवायची. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. आजी मी चार वर्षांचा असताना वारली, म्हणजे आई तिच्या हाताखाली आठ वर्षं होती. सातवा डाग पाचव्या वर्षाचा. त्यानंतर डाग नाही. त्यानंतर मीठ अठरा ग्रॅम.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मीही विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, त्येंनी कदी इचारलं न्हाय. मी कदी सांगितलं न्हाय. पर सातव्यानंतर त्येंनी ताट कदीच सारलं न्हाय. आजारी असलं तरी पुरतं खायाचे."

माझा पुढचा घास हातात तसाच होता. खायला हवा की नाही, ते कळेना.

"मी त्यांना विचारलं," शालिनी पुढं म्हणाली, "मग मला का नाही शिकवलंत? सात महिने सगळ्या आळीत मी बिनहाताची ठरले. नळावर तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत. तर म्हणाल्या, तुला येत न्हाय म्हटलं म्हंजी तू सुटलीस. येतंय म्हटल्यावर शिकवायला लागतंय, पोरी. आनि मला शिकवायची एकच रीत म्हाईत हाय."

बाहेर कॉलनीतल्या पोरांचा क्रिकेटचा गलका चालू होता, मेधाचाही आवाज त्यात होता.

"त्यांना वाटलं मी सुटले," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं नाही, की मला इथं आल्यावर शिकवणी लागली. त्यांचे मोजून सात. माझे तुमच्या वहीत आहेत. तुम्हीच मोजा, तुम्हाला येतं."

ती उठली, माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला आणि मोरीत भांडी घासायला गेली.

मी ते ताट संपवलं. पुरतं. वडिलांनी तसं का केलं असेल, ते मला जेवताजेवता कळलं. त्यानं कुणाचं काही भलं झालं नसेल, हेही कळलं.

वही जाळून टाकतो, असं मी दुसऱ्या दिवशी म्हणालो. शालिनी म्हणाली, "जाळू नका. राहू दे." वही ट्रंकेत आहे, त्याच पत्र्याच्या, १९६६ च्या. त्या उन्हाळ्यापासून कोल्हापूरहून चटणीचा डबा येणं बंद झालं. शालिनी इथंच मिरची आणून, भाजून, कांडून घेते. तिच्या चटणीत खोबरं जास्त असतं आणि रंग फिका असतो. कशी झाली आहे, हे मी सांगत नाही. तीही विचारत नाही. आमच्या घरात जेवणाबद्दल बोलणं असं नाहीच. पाहुणे आले आणि त्यांनी "वा वहिनी, कोल्हापूरचा हात!" असं म्हटलं, की आम्ही दोघंही पाण्याचे तांबे शोधायला लागतो.

तुम्ही पेठेतले लोक मला पत्रातून विचारता, आईची कृती लिहून पाठव, तुझ्याकडं मापं आहेत म्हणे. आहेत. अठरा ग्रॅम मीठ, सहा माणसांना. पण त्या मापाची संपूर्ण नोंद हवी असेल तर ती वर दिली आहे. स्वयंपाक शिकून येतो की जन्मतः येतो, या वादाचं उत्तर मला मिळालं आहे. शिकून येतो. अगदी नक्की येतो. कसा शिकवला, त्याची झळ जेवणाऱ्याला ताटात दिसत नाही, इतकंच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मेधानं पहिल्यांदा रस्सा केला. तेरा वर्षांची आहे, इथंच जन्मली, शाळेतून हिंदी घेऊन येते. शालिनी तिच्याजवळ उभी राहिली नाही, बाहेर पेपर वाचत बसली. मेधानं तीनदा हाक मारली, "आई, नमक कितना?" शालिनीनं तीनही वेळा एकच सांगितलं, "टाक तुझ्या मनानं."

मीठ पुष्कळ जास्त झालं होतं. मी पहिला घास घेतला आणि चेहरा सरळ ठेवला. शालिनी शांतपणे भातात पाणी घालून जेवत होती. मान वर केली तर मेधा ओट्याला पाठ लावून उभी होती. पापणी हलत नव्हती. ती वही तिनं कधी बघितलेली नाही. वही भरली तेव्हा मेधा तीन वर्षांची होती.

"बाबा," ती म्हणाली, "कितने नंबर?"

शाळेतली सवय असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शालिनीचा हात भातात थांबला होता. मी मेधाला म्हणालो, "ताट घे आणि बस आमच्याबरोबर." ती बसली, पण घास घेईना. माझ्याकडंच बघत राहिली.

वीस वर्षं झाली गाव सोडून. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी सवयीनं कोल्हापूर म्हणतो. मनातल्या मनात मात्र मी घराचं आता एकच माप धरतो. पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडं जिथं कुणी बघत उभं नसतं, ते घर. तसं घर मी शिवाजी पेठेत बघितलं नाही, आणि इथं बांधलं नाही.